दमलो म्हणायची रीत

झरीला जाणाऱ्या बसमध्ये मार्च महिना मला आधी वासावरून कळतो. खिडकीची काच अर्धी सरकलेली असते आणि कुठल्याशा शिवारात हळद शिजत असते. उकडलेल्या कंदाचा, ओल्या मातीचा आणि जळक्या पाल्याचा मिळून एक जड वास येतो. तोंडाला रुमाल बांधला तरी तो आत येतोच. मी डोळे मिटून घेते. मिटते ते झोपेसाठी, पण झोप काही लागत नाही. पाय मात्र आपोआप जमिनीवर घट्ट रोवले जातात, गुडघे किंचित बाहेर वळतात आणि बसच्या सीटवर बसल्याबसल्या माझी पाठ ताठ होते. शेजारची बाई सरकून बसते. तिला वाटत असेल, ह्या मास्तरीणबाईला मळमळायलंय.

हे परीक्षेचे दिवस. लोकांच्या आयुष्यात ते एकदा येतात आणि जातात. माझ्या आयुष्यातून ते कधी गेलेच नाहीत. आधी विद्यार्थिनी म्हणून आले, मग शिक्षिका म्हणून दरवर्षी येत राहिले, आणि आता आई म्हणूनही आलेत. सकाळी डबे, मग बस, मग झरीच्या शाळेत वर्गावर पर्यवेक्षण. पोरांच्या मानेकडे बघत तीन तास उभं राहायचं. परत येताना पिशवीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि भाजी. परभणीत उन्हं अशी तापायला लागतात की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. गल्लीत गाड्यावर वाळ्याच्या ताट्या येतात, कूलर माळ्यावरून खाली उतरतात, झेरॉक्सच्या दुकानासमोर पोरांची गर्दी होते. ह्या सगळ्यातून मी चालत असते आणि माझ्या अंगाला हे काहीच लागत नाही. हल्ली असंच होतं. रात्री झोपले तरी सकाळी उठताना झोप झालेली नसते.

पण काळजी माझी नाही. काळजी मैत्रीची आहे. मैत्री माझी मुलगी. बारावीला आहे, लातूरला क्लाससाठी होस्टेलवर राहते, बोर्डाच्या पेपरांपुरती घरी आलीये. डॉक्टर व्हायचंय तिला. निदान दोन वर्षांपूर्वी तरी तिनं तसं म्हटलं होतं. त्यानंतर ते आम्हीच म्हणत आलो. ती आली तेव्हा तिची मनगटं बघून मला भीती वाटली. न्हाणीच्या जाळीत केसांचा पुंजका सापडतो. जेवताना घास हातात धरून ती बसून राहते. काय झालं विचारलं की म्हणते, मी ठीक आहे. परत विचारलं की तेच, तेवढ्याच आवाजात. तिचे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, आमची पोरगी दमतच नाही. ती ते ऐकते आणि पुस्तकाचं पान उलटते. ते वाक्य ऐकलं की मी उठून आत जाते. कारण असंच वाक्य एकदा माझ्याबद्दल बोललं गेलं होतं आणि मी ते फार दिवस अंगावर घालून फिरले होते.

तेव्हा मी पूर्णेला होते आणि मला खंदारे सर होते.

खंदारे सर आम्हाला भूगोल शिकवत. शरीरानं किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पँट नेहमी घोट्याच्या वर. शाळेत त्यांच्याकडे बघून कुणाला वाटलं नसतं की हा माणूस रोज पहाटे रेल्वे क्वार्टरच्या मागच्या मैदानात पोरापोरींना कराटे शिकवतो. ते स्वतः शिकले होते दक्षिणेकडून बदलून आलेल्या एका रेल्वे कर्मचाऱ्याकडून. तो मोडक्या हिंदीत शिकवायचा आणि हे मराठीत समजून घ्यायचे, त्यामुळे आमच्या कराटेतल्या निम्म्या शब्दांचा जगात दुसरीकडे कुठं उपयोग झाला नसता. आमच्या वस्तीत कराटेला कराटी म्हणत. कराटी म्हणजे विटा फोडणं, असंच सगळ्यांना वाटायचं. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात सरपंचांनी आग्रह धरला की सरांनी कवेलू फोडून दाखवावेत. कवेलूंची चळत मांडून झाली. सरांनी एक कवेलू उचलला, उन्हाला धरून बघितला आणि म्हणाले, चांगला हाय, ह्यानं एखाद्याचं घर गळायचं थांबंल, मी कशाला फोडू? लोक हिरमुसले. सरांनी ती चळत खरंच शाळेच्या शिपायाच्या छपरासाठी पाठवून दिली.

आमचे पांढरे ड्रेस म्हणजेही एक गंमतच होती. मांजरपाटाचे, वस्तीतल्या टेलरनं अंदाजानं शिवलेले. तेच घालून आम्ही रविवारी विहारात वंदनेला बसायचो, कारण पांढरं दुसरं होतंच कुणाकडं. एका वर्षी परभणीला स्पर्धा होती. आदल्या दिवशी सगळ्या आयांनी ड्रेस धुतले आणि पोरं जिल्ह्याला चाललीत म्हणून नीळ जरा सढळ हातानं घातली. सकाळी बघतो तर अख्खी ओळ निळी. पंच म्हणाले, हे चालणार नाही, नियमात पांढरा लिहिलाय. सरांनी शांतपणे सांगितलं की साहेब, पांढराच हाय, फक्त आयांनी जीव लावून धुतलाय. शेवटी आम्हाला खेळू दिलं. आम्ही हरलो, पण परतीच्या गाडीत पोरं निळ्या बाह्या खिडकीतून बाहेर काढून पूर्णेपर्यंत ओरडत होती.

इतर मास्तर परीक्षेच्या दिवसांत खेळ बंद करायला सांगत. खंदारे सरांचं उलटं होतं. मार्च लागला की ते लाथा-बुक्क्या थांबवायचे आणि फक्त ठाण ठेवायचे. पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचं. ओळीनं आम्ही आणि समोर आमच्याकडे तोंड करून स्वतः सर, त्याच ठाणात. मग उजळणी सुरू व्हायची. एकानं प्रश्न टाकायचा, सगळ्यांनी उत्तर म्हणायचं. नदीचं कार्य, वाऱ्याचं कार्य, खडकांचे प्रकार. काळ्या रानातलं ते मैदान त्या दिवसांत भेगाळलेलं असायचं. आदल्या दिवशी आम्हीच त्या भेगांमध्ये जुनी इंजिनाची राख भरलेली असायची. पायाखाली ती राख गार लागायची. बाजूनं पॅसेंजर गाडी जायची तेव्हा दारात बसलेले लोक आमच्याकडे बघत राहायचे. ज्वालामुखी म्हणजे काय ते ओरडून सांगणारी, अर्धवट खाली बसलेली पोरं बघून त्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

आणि सरांचा एक नियम होता. तो मला दुसऱ्या कुठल्या मैदानात दिसला नाही. ठाण सोडायचं कधी, ते सर ठरवत नसत. ज्याला दमल्यासारखं वाटेल त्यानं मोठ्यानं म्हणायचं, दमलो. पोरीनं म्हणायचं, दमले. एकानं म्हटलं की सगळ्या ओळीनं उठायचं, सरांसकट. आणि जो म्हणेल त्याला सर म्हणायचे, शाबास.

ऐकायला हे फार सोपं वाटतं. पण वस्तीतल्या पोरांना ते जमायचं नाही. पोरं चेष्टेला भ्यायची. काही नुसतीच गुपचूप पाय सरळ करायची. तेवढ्या एका गोष्टीवर सर चिडायचे. जा, परत उभा ऱ्हा, तोंडानं म्हण आणि मग ऊठ, असं सांगायचे. पोरींना तर ते आणखी अवघड. आमच्या घरात हा शब्द कुणी बायकांच्या तोंडून ऐकलाच नव्हता. एकदा एका पोराचे वडील मैदानात येऊन सरांना म्हणाले होते, तुमी कराटे शिकवायलाव का रडायला शिकवायलाव? सर हसले आणि त्यांनाच ओळीत उभं केलं. ते गृहस्थ बऱ्यापैकी टिकले. शेवटी लाल तोंडानं, जमिनीकडे बघत, दमलो म्हणाले. सर म्हणाले, शाबास. त्यानंतर त्यांनी कधी तक्रार केली नाही.

मी मात्र कधीच म्हटलं नव्हतं.

माझी दहावी होती ते वर्ष. माय आणि बाबा दिवाळीनंतरच टोळीबरोबर ऊस तोडायला गेले होते, कारखाना बंद होऊन परत यायला पाडवा उलटायचा. घरी मी, दोन धाकटे भाऊ आणि डोळ्यांनी अधू झालेले आजोबा. ट्रकमध्ये चढताना मायनं शेजारच्या बायांना सांगितलं होतं, माज्या पोरीची काळजी करू नका, लय खंबीर हाय ती. तिनं ते माझ्यासाठी म्हटलं की स्वतःला धीर द्यायला, कोण जाणे. माझ्या मनात ते रुतून बसलं. मला वाटायचं, मी जर कुठं वाकले तर तिकडं उसाच्या फडात मायचं बोलणं खोटं पडेल. मग ती कुणाच्या भरवशावर मोळी उचलेल? तेव्हा हे मला अगदी खरं वाटायचं.

म्हणून मी सगळं करायचे. भाकरी, पाणी, भावांची शाळा. शाळा सुटली की हळद वेचायला जायचे. परीक्षेच्या दिवसांत पूर्णा परिसरात जिकडं तिकडं हळदच असते. हात, नखं, टाचा सगळं पिवळं. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर माझ्या अंगठ्याचा पिवळा डाग उमटला होता आणि पर्यवेक्षण करणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, लग्न ठरलंय का गं तुझं? पहाटे पुन्हा मैदानात यायचे. तिथं यायचे कारण तिथं कुणीतरी माझ्यासमोर उभं असायचं. घरात मी सगळ्यांच्या पुढं उभी होते, माझ्या पुढं कुणी नव्हतं.

पहिला पेपर जवळ आलेला, तेव्हाची एक पहाट. धाकट्याला ताप होता, त्याच्या उशाशी बसून माझी झोप गेली होती. तरी मी गेले. ठाण लागलं. नदीचं कार्य सुरू झालं. त्या दिवशी परीक्षेचा जोर सगळ्यांच्याच अंगात होता, कुणी दमलो म्हणेना. माझ्या मांड्या आधी दुखल्या, मग भाजल्यासारख्या झाल्या, मग त्या आहेत की नाहीत तेही कळेना. कानात गाडी गेल्यासारखा आवाज यायला लागला, गाडी नव्हती तरी. ओठ घट्ट मिटून मी सरांच्या चष्म्याच्या दोऱ्याकडे बघत राहिले. पडले असते, पण म्हटलं नसतं.

आणि समोरून आवाज आला, "दमलो."

सर म्हणाले होते. आमच्यातलं कुणी हलेना. सरांच्या तोंडून तो शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता. ते कधी दमत नाहीत, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

"आरं, दमलो म्हणलं की. उठा समदे."

ओळ उठली. मी उठले नाही. मी तिथंच राखेत बसले. सर रुळाखालच्या एका जुन्या स्लीपरच्या लाकडावर जाऊन बसले, चष्मा काढून पुसायला लागले. कुणीतरी घागरीतून पाणी आणलं. त्यांनी ते आधी माझ्याकडे पाठवलं. मग कुणाकडंच न बघता बोलले.

"माजी माय टोळीत होती. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायली होती. मधीच खाली बसली. उठलीच न्हाई. मागून समद्या बायांना इचारलं, काई म्हणली का? न्हाई म्हणल्या. काईच म्हणली न्हाई. लय खंबीर बाई होती म्हणल्या." चष्मा डोळ्यावर चढवून ते उभे राहिले. "ह्या खंबीरपणाचा मला लय राग हाय."

एवढंच. मग शाळेची वेळ झाली आणि आम्ही पांगलो. मी घरी जाऊन आजोबांना म्हटलं, आज मी शाळेलाही जात नाही आणि हळद वेचायलाही जात नाही. आणि धाकट्याच्या शेजारी दुपारपर्यंत झोपले. परीक्षा झाली, पास झाले, मायही परत आली. डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं. खंदारे सरांची ही गोष्ट मी अनेकांना सांगत आले. प्रत्येक वेळी ती अशीच सांगायचे की आमचे सर कधी दमायचे नाहीत, पण एक दिवस तेही दमले होते बरं का. मैत्रीलाही लहानपणी तशीच सांगितली.

सर शेवटचे भेटले ते एका लग्नात. निवृत्त झालेले, पाय सुजलेले, तरी सांगत होते की अजून मैदानात खुर्ची टाकून बसतो, पोरं येतात. मला बघून लगेच विचारलं, "काय बाई, म्हणतीस का न्हाई आता?" मी हसून म्हटलं, म्हणते की सर. ते शाबास म्हणाले, पण जरा उशिरानं, माझ्या चेहऱ्याकडे बघून झाल्यावर.

गेल्या थंडीत सर गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी पूर्णेला गेले होते. पुढच्या रांगेत पांढऱ्या ड्रेसमधली नवी पोरं बसली होती, त्यांच्या बाह्यांवर निळीची झाक होती. एकामागून एक माणसं उठून बोलली आणि प्रत्येकानं हेच सांगितलं की सर अखेरपर्यंत थकले नाहीत. मला उठून सांगावंसं वाटत होतं की नाही, एकदा थकले होते आणि आपल्या तोंडानं म्हणालेही होते. पण बसची वेळ झाली होती, दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. मी निघून आले. रडायचंही राहूनच गेलं ते राहिलंच.

परवाचा रविवार. सोमवारी मैत्रीचा भौतिकशास्त्राचा पेपर होता. पहाटे गच्चीवर तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, या टोकाकडून त्या टोकाकडं. मी चहा घेऊन वर गेले. खांद्यावर माझी जुनी शाल, हातात पुस्तक, ओठ हलताहेत, डोळ्यांखाली काळं. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. झोप जा जरा, एवढं तरी. पण तिचं उत्तर मला ठाऊक होतं. शेजारच्या कडुलिंबाची जुनी पानं गच्चीभर पडलेली आणि झाडाला तांबूस पालवी. वाऱ्यावर कुठूनतरी तोच हळदीचा वास आला. मी कप कठड्यावर ठेवले, साडीचा काठ वर खोचला आणि किती वर्षांनी कोण जाणे, ठाणात उभी राहिले.

"आई, काय करतेयस?"

मी म्हटलं, सरांचं ठाण. तूही ये. तिनं कपाळाला आठी घातली, मग काय वाटलं कोण जाणे, पुस्तक ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. मी तिला नियम सांगितला. दमलं की म्हणायचं, मग दोघींनी उठायचं. ती म्हणाली, सोप्पंय.

आम्ही उभ्या राहिलो. खाली दूधवाल्याच्या कॅन वाजल्या, लांब स्टेशनात गाडीनं भोंगा दिला. माझे गुडघे कुरकुरायला लागले. थोड्या वेळानं मैत्रीचे पाय थरथरायला लागले. मी वाट बघत होते की आता म्हणेल. तिनं ओठ घट्ट मिटले आणि नजर माझ्या गळ्यातल्या साखळीवर रोवली. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता, पण मी तो बाहेरून कधी पाहिला नव्हता. मी तो पूर्णेच्या मैदानात आतून भोगला होता. बाहेरून तो फक्त खंदारे सरांनी पाहिला होता.

आणि मग मला कळलं. सर त्या दिवशी दमले नव्हतेच. रोज उभा राहणारा तो माणूस, तो काय दमणार? दर रविवारी विहारात पंचशील घेणाऱ्या सरांनी त्या पहाटे एका पोरीसाठी चौथं शील मोडलं होतं, धडधडीत खोटं बोलले होते. आणि मी इतकी वर्षं ती गोष्ट उलटी सांगत होते.

मग मीही खोटं बोलायचं ठरवलं. मला अजून उभं राहता आलं असतं.

"दमले," मी म्हटलं.

शब्द बाहेर पडला आणि मला काय झालं ते सांगता येत नाही. मी त्या लिंबाच्या पानांवर बसकण मारली. उठता येईना. खरंच येईना. झरीच्या बसचा, गठ्ठ्यांचा, डब्यांचा, राहून गेलेल्या रडण्याचा सगळा भार एकदम अंगावर आला. मी खोटं बोलायला गेले आणि तोंडातून खरं निघालं. सरांचंही त्या दिवशी असंच झालं असेल का, आता कुणाला विचारू?

मैत्री अजून ठाणातच होती, घाबरून माझ्याकडे बघत. मी म्हटलं, एकीनं म्हटलं की सगळ्यांनी उठायचं असतं गं. ती उठली आणि माझ्या शेजारी येऊन टेकली. तिच्या मांड्या अजून थरथरत होत्या, मी त्यावर हात ठेवला. मग ती माझ्या खांद्यात तोंड घालून, आजीच्या भाषेत, जी ती लातूरला गेल्यापासून घरात बोलत नव्हती, अगदी हळू म्हणाली,

"आई, मी पण. लय दमले गं."

कठड्यावरचा चहा केव्हाच गार झाला होता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, हाताला केस आले, ते मी मुठीत धरून ठेवले आणि म्हटलं, "शाबास."